प्रस्तावित इंधन टर्मिनलचा पर्यावरण अहवाल: नेमके काय तपासावे?

ओढाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या वस्तीच्या हद्दीपासून सुमारे सहाशे मीटरवर पेट्रोल आणि डिझेल साठवण्याचे टर्मिनल उभारण्याचा प्रस्ताव आहे. त्याच्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचा मसुदा आता सर्वांसाठी खुला झाला असून त्यावर लेखी हरकती आणि सूचना मागवल्या आहेत. मसुदा मी संपूर्ण वाचला आहे. मात्र या विषयातले माझे शिक्षण नाही, त्यामुळे कोणत्या पानावर थांबायचे आणि कोणते पान उलटून पुढे जायचे हे ठरवण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

प्रस्ताव थोडक्यात असा: प्रत्येकी ७,५०० किलोलिटरच्या आठ टाक्या, म्हणजे एकूण साठवण क्षमता ६०,००० किलोलिटर. पेट्रोलच्या चार टाक्यांना आतील तरंगते छत (इंधनावरच तरंगत वर-खाली होणारे आणि वाफ रोखणारे) असेल आणि डिझेलच्या चार टाक्यांना स्थिर छत. इंधन पाइपलाइनने येईल आणि टँकरने बाहेर जाईल. जागेचा उतार एका ओढ्याकडे आहे आणि तो ओढा पुढे खाडीला मिळतो. प्रस्तावित जागा आणि ओढा यांच्या मधल्या पट्ट्यात वस्तीच्या विहिरी आहेत, आणि त्यांचे पाणी पिण्यासाठी वापरले जाते.

अहवालात हवा, पाणी, ध्वनी, माती, जैवविविधता अशा रकान्यांचा एक तक्ता आहे. त्यातील जवळजवळ प्रत्येक रकान्यात ‘उपाययोजनांनंतर परिणाम नगण्य’ असा शेरा आहे. तो कोणत्या आकडेमोडीतून आला, हे मला कुठेही सापडले नाही. अपघातांसाठी वेगळे प्रकरण आहे. तिथे शक्यता अत्यल्प असल्याचे सांगून विषय संपवला आहे, आणि तसा प्रसंग ओढवलाच तर विहिरींचे आणि ओढ्याचे काय होईल, यावर एक परिच्छेदही नाही.

प्रकल्प होऊच नये, अशी भूमिका घेऊन मी लिहीत नाही. इंधन कुठेतरी साठवावे लागणारच. परंतु हा शेरा योग्य आहे की नाही हे तपासण्याची रीत समजून घ्यायची आहे, म्हणजे आमच्या हरकतीत नुसती भीती न राहता उत्तर द्यावेच लागेल असे प्रश्न मांडता येतील.


भूजलरेषा यांचे उत्तर

विहिरींपासून सुरुवात करतो, कारण अशा प्रकल्पाचा सर्वांत जास्त काळ टिकणारा परिणाम बहुधा भूजलातच दिसतो. हवेतील वाफ वाऱ्याबरोबर निघून जाते, ओढ्यावरचा तवंग काही आठवड्यांत विरळ होतो, पण जमिनीत मुरलेले पेट्रोल अनेक वर्षे, कधी कधी काही दशके, तिथेच राहून हळूहळू पाण्यात विरघळत राहते.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते झिरपत खाली गेल्यावर भूजलाच्या पातळीवर तरंगते आणि त्या थरातून बेंझिन, टोल्युइन, इथिलबेंझिन आणि झायलिन हे घटक पाण्यात उतरू लागतात. यांपैकी बेंझिन हे मानवात कर्करोग निर्माण करणारे द्रव्य म्हणून सिद्ध झालेले आहे. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजेच एक ग्रॅम बेंझिन एक लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. त्यामुळे ‘किरकोळ गळती’ असा उल्लेख वाचताना ती किती लिटरची आणि किती दिवस लक्षात न येणारी, हे विचारलेच पाहिजे.

आता अहवालातील भूजलाच्या सद्यस्थितीचा तक्ता काढा. बहुतेक अहवालांत सामू, विरघळलेले क्षार, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट एवढेच मोजलेले असते. ही चाचणी पाणी पिण्यायोग्य आहे का, हे सांगते; इंधनाच्या घटकांबद्दल ती काहीच सांगत नाही. बेंझिनसह वर सांगितलेले चारही घटक आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन यांची प्रकल्पापूर्वीची मोजणी नसेल, तर पुढे गळती झाल्यावर ‘हे प्रदूषण आधीपासूनच होते’ हा दावा खोडून काढायला तुमच्या हातात काहीच उरणार नाही. माझ्या मते तुमच्या हरकतीतला पहिला मुद्दा हाच असावा.

दुसरे म्हणजे, नमुने कुठून घेतले ते नकाशावर पाहा. भूजल कोणत्या दिशेने वाहते हे ठरवायला एका सरळ रेषेत नसलेल्या किमान तीन ठिकाणची पाणीपातळी, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीसह, लागते. हा नकाशा पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर असा दोन वेळा केलेला असावा, कारण काही ठिकाणी पातळीबरोबर प्रवाहाची दिशाही बदलते. नमुन्याच्या सगळ्या विहिरी प्रवाहाच्या वरच्या बाजूला असतील, तर त्या मोजणीवरून तुमच्या विहिरींविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

प्रस्तावित निरीक्षण विहिरींची रचनाही वाचा. इंधन पाण्यावर तरंगते. त्यामुळे निरीक्षण विहिरीच्या नळीचा जाळीदार भाग पाणीपातळीच्या वर आणि खाली असा दोन्ही बाजूंना पसरलेला हवा. वरचा भाग बंद केसिंगचा आणि जाळी फक्त खोलवर, अशी साधी कूपनलिका निरीक्षणासाठी दाखवली असेल, तर शेजारी पेट्रोलचा थर साचलेला असूनही तिच्यातून घेतलेला नमुना स्वच्छ येऊ शकतो.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असणार का, हेही विचारा. जमिनीतील जिवाणू आधी इथेनॉल संपवतात आणि त्यात उपलब्ध ऑक्सिजन खर्च होतो; मग बेंझिनचे विघटन मंदावते आणि दूषित पट्टा अधिक दूरवर पोहोचतो. नुसत्या पेट्रोलसाठी काढलेले अंतर मिश्रणाला लागू पडत नाही.

गळती टाकीतूनच होईल असेही गृहीत धरू नये. अमेरिकेच्या हवाई बेटांवर होनोलुलूजवळील रेड हिल येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या प्रचंड भूमिगत टाक्या पिण्याच्या पाण्याच्या भूजलसाठ्यापासून सुमारे ३० मीटर उंचीवर होत्या. मे २०२१ मध्ये तिथे सांडलेले इंधन अग्निशमन यंत्रणेच्या निचरा-नळीत जाऊन साचले आणि कुणाच्या लक्षात न येता तिथेच राहिले. नोव्हेंबरमध्ये ती नळी फुटली आणि ते इंधन पाणीपुरवठ्याच्या विहिरीत पोहोचले. हजारो कुटुंबांच्या नळाला इंधनाचा वास येऊ लागला, लोक आजारी पडले आणि अखेर ते संपूर्ण केंद्र बंद करण्याचा निर्णय झाला. म्हणून अहवालातील गळतीच्या यादीत जमिनीखालच्या वाहिन्या, निचऱ्याच्या नळ्या, संप (सांडलेले द्रव साचवणारे खड्डे) आणि तेल-पाणी विलगक टाक्या आहेत का, ते तपासा. प्रत्येक टाकीच्या तळाखाली अभेद्य अस्तर आणि गळती दाखवणारी व्यवस्था आहे का, हेही पाहा. टाकीचा तळ गंजतो तो नजरेआड, आणि तिथली बारीक गळती साठ्याच्या रोजच्या हिशेबात बऱ्याचदा मापनाच्या फरकात जिरून जाते.


तरंगते छत यांचे उत्तर

मी टर्मिनलच्या कामकाजात आणि टाक्यांच्या देखभालीत काम केले आहे. भूजलरेषा यांनी मांडलेल्या मुद्द्यांशी मी पूर्ण सहमत आहे. मी हवा आणि आग यांविषयी लिहितो.

अहवालात सर्वांत आधी वार्षिक उलाढाल शोधा. साठवण क्षमता ६०,००० किलोलिटर हा स्थिर आकडा आहे. परिणाम ठरतो तो वर्षभरात त्या टाक्या किती वेळा भरल्या आणि रिकाम्या झाल्या यावर. समजा, वर्षाला वीस वेळा, तर उलाढाल १२ लाख किलोलिटर होते. टँकर २० किलोलिटरचा धरला, तर वर्षाला ६०,००० भरलेल्या खेपा आणि तेवढ्याच रिकाम्या खेपा. कामाचे दिवस ३०० धरले, तर दिवसाला २०० टँकर आत येणार आणि २०० बाहेर जाणार. ही सगळी ये-जा दहा तासांत होत असेल, तर फाटकावरून दर दीड मिनिटाला एक टँकर जाईल. वाहतुकीचे प्रकरण, ध्वनीचे प्रकरण आणि हवेचे प्रकरण या तिन्हींत हाच आकडा वापरलेला आहे का, हे पडताळून पाहा. वेगवेगळ्या प्रकरणांत वेगवेगळी उलाढाल गृहीत धरलेली असणे हा अशा अहवालांतील नेहमीचा दोष आहे, आणि तो दाखवून द्यायला तज्ज्ञ असावे लागत नाही.

आता वाफेचा हिशेब. टँकरमध्ये एक लिटर पेट्रोल शिरते तेव्हा जवळजवळ एक लिटर वाफमिश्रित हवा बाहेर ढकलली जाते. अमेरिकी पर्यावरण संस्थेने संकलित केलेल्या उत्सर्जन गुणकांनुसार, पेट्रोल वरून मोकळे ओतले, तर लिटरमागे सुमारे १.४३ ग्रॅम आणि नळी तळापर्यंत नेऊन किंवा तळातून भरले, तर सुमारे ०.५९ ग्रॅम वाफ निघते. तापमान आणि इंधनाचा बाष्पदाब (वाफ होण्याची प्रवृत्ती) यांनुसार हे आकडे बदलतात, पण अंदाजासाठी पुरेसे आहेत. वरील उलाढालीतील निम्मे पेट्रोल धरले, तर ६ लाख किलोलिटरमागे पहिल्या पद्धतीत वर्षाला सुमारे ८६० टन आणि दुसऱ्या पद्धतीत सुमारे ३५० टन वाफ हवेत जाईल. बाष्प पुनर्प्राप्ती यंत्रणा (बाहेर पडणारी वाफ पकडून परत मिळवणारी) बसवली आणि युरोपच्या १९९४ च्या निर्देशातील घनमीटरला ३५ ग्रॅमची मर्यादा पाळली, तर हाच आकडा सुमारे २१ टनांवर येतो. यंत्रणा आहे की नाही, एवढ्या एका प्रश्नाने हवेवरचा परिणाम सुमारे सतरा ते चाळीस पटींनी बदलतो. म्हणून ‘आवश्यकतेनुसार बाष्प पुनर्प्राप्ती बसवण्यात येईल’ असे वाक्य असेल, तर ते मान्य करू नका; क्षमता, कार्यक्षमता, यंत्रणा बंद पडल्यास भरणा थांबवणार का, आणि मोजमाप सतत होणार का, हे सर्व लेखी मागा.

टाक्यांतूनही वाफ निघतेच. तरंगत्या छताच्या कडेचे सील, छतातून वर येणारे खांब आणि मापनाच्या नळ्या, ही तिची मुख्य ठिकाणे आहेत. टाकी जवळजवळ रिकामी केली की छत आपल्या पायांवर टेकते, खाली मोकळी जागा तयार होते आणि ती वाफेने भरते. पुन्हा भरताना ती सगळी वाफ बाहेर पडते. वर्षातून छत किती वेळा टेकवले जाईल, हे गृहीतक उत्सर्जनाच्या आकडेमोडीत बहुधा शून्य धरलेले असते. डिझेलचा बाष्पदाब फारच कमी असल्यामुळे स्थिर छत तिथे योग्यच आहे, त्यावर वेळ घालवण्याची गरज नाही.

दोन बाबी अहवालात सहसा राहून जातात. पहिली, टाकी बांधून झाल्यावर ती पाण्याने भरून तपासतात. तुमच्या बाबतीत एका टाकीला ७,५०० घनमीटर पाणी लागेल. ते कुठून आणणार, किती टाक्यांसाठी तेच पाणी फिरवून वापरणार आणि गंज व वेल्डिंगचा कचरा मिसळलेले ते पाणी शेवटी कुठे सोडणार? दुसरी, टाकीच्या तळाशी साचणारे पाणी आणि गाळ. तळाचे पाणी नियमितपणे काढावे लागते आणि त्यात विरघळलेले बेंझिन असते. गाळ काही वर्षांनी एकदाच काढतात, पण तो घातक कचरा असतो. दोन्ही कुठे जाणार, याचे उत्तर अहवालात असायला हवे.

अपघाताच्या प्रकरणाबद्दल. शक्यता कमी आहे हे खरे, पण मूल्यांकनाचे काम शक्यता सांगून संपत नाही. इंग्लंडमधील बन्सफील्ड येथील इंधन टर्मिनलवर ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे ९१२ क्रमांकाच्या टाकीत पाइपलाइनने पेट्रोल येत होते. पातळी दाखवणारा गेज एकाच आकड्यावर अडकला होता आणि भरणा आपोआप थांबवणारा स्वतंत्र स्विच निकामी अवस्थेत होता. टाकी भरून पेट्रोल वरून धबधब्यासारखे खाली सांडले, त्याची वाफ जमिनीलगत पसरली आणि स्फोट झाला. वीसहून अधिक टाक्या पेटल्या. रविवारची पहाट असल्यामुळे मृत्यू झाले नाहीत, पण ४३ जण जखमी झाले. पर्यावरणाच्या दृष्टीने महत्त्वाचे त्यानंतर घडले: आग विझवताना वापरलेले पाणी आणि फेस, इंधनासह, डाइकच्या (टाक्यांभोवतीच्या बंधाऱ्याच्या) सांध्यांतून आणि नळ्यांच्या छिद्रांतून बाहेर झिरपले आणि खालच्या खडूच्या खडकातील भूजलात पोहोचले. त्या फेसात पीएफओएस हे निसर्गात जवळजवळ विघटन न होणारे रसायन होते. २००९ मध्ये ते अशा टिकाऊ प्रदूषकांवर निर्बंध घालणाऱ्या स्टॉकहोम कराराच्या यादीत घेतले गेले.

म्हणून तुमच्या प्रकल्पासाठी साधा हिशेब करून पाहा. ७,५०० घनमीटरच्या टाकीचा व्यास सुमारे २६ मीटर आणि उंची १४ मीटर धरू. पेट्रोलच्या पृष्ठभागावर मॉनिटरने (दूरवर फेस फेकणाऱ्या तोफेने) फेस मारायचा, तर चौरस मीटरला मिनिटाला ६.५ लिटर या दराने ६५ मिनिटांत सुमारे २२० घनमीटर द्रावण लागते. जळणारी टाकी आणि शेजारच्या दोन टाक्या थंड ठेवण्यासाठी पृष्ठभागाच्या चौरस मीटरला मिनिटाला ३ लिटर पाणी चार तास मारले, तर आणखी सुमारे २,४७० घनमीटर. एकूण जवळजवळ २,७०० घनमीटर. आता डाइकची क्षमता सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के, म्हणजे ८,२५० घनमीटर आहे, असे समजू. टाकी फुटून सगळे इंधन डाइकमध्ये आले, तर शिल्लक जागा उरते ७५० घनमीटर. उरलेले दोन हजार घनमीटर तेलकट पाणी जाणार कुठे? तुमच्या जागेच्या उतारावरून उत्तर स्पष्ट आहे: ओढ्यात. आगीचे पाणी साठवण्यासाठी वेगळे, अस्तर केलेले कुंड आराखड्यात दाखवलेले नसेल, तर पाण्याच्या रकान्यातील शेऱ्याला आधार नाही. फेस कोणता वापरणार, तो पीएफएएस-मुक्त (पीएफओएस ज्यात मोडते त्या रसायनांच्या गटापासून मुक्त) आहे का आणि इथेनॉलमिश्रित इंधनावर टिकणारा आहे का, हेही त्याच प्रश्नात जोडा.


परिशिष्ट तीन यांचे उत्तर

मी अशा अहवालांचे परीक्षण करतो. वरील दोन्ही उत्तरे तांत्रिक बाजूने भक्कम आहेत. मी अहवालाच्या रचनेबद्दल लिहितो.

प्रत्येक परिणामासाठी तीन गोष्टींची साखळी मागा: प्रदूषणाचा स्रोत, ते जाण्याची वाट आणि वाटेच्या टोकाला असलेली विहीर, वस्ती किंवा खाडी. यांतील एक जरी कडी अहवालात नसली, तरी निष्कर्ष काढता येत नाही. तुम्ही सांगितलेल्या तक्त्यात स्रोत आणि उपाय आहेत, वाट नाही. सामान्य दिवस एका प्रकरणात आणि अपघात दुसऱ्या प्रकरणात, अशी विभागणी केली की नेमकी हीच कडी निसटते. अपघाताच्या प्रकरणात उष्णता आणि स्फोटाचा दाब मोजला जातो, पाण्याच्या प्रकरणात फक्त रोजचे सांडपाणी, आणि आगीच्या दिवशीचे पाणी कुणाच्याच वाट्याला येत नाही.

पर्यायांचे प्रकरण अवश्य वाचा. अमेरिकेत असे मूल्यांकन १९७० पासून कायद्याने आवश्यक आहे आणि तिथल्या १९७८ च्या नियमावलीने पर्यायांच्या तुलनेला संपूर्ण अहवालाचे हृदय म्हटले होते. जागेचे पर्याय देताना दोन अशक्यप्राय जागा आणि एक निवडलेली जागा असा देखावा केलेला असतो का, ते पाहा. टाक्यांची मांडणी बदलणे, पेट्रोलच्या टाक्या वस्तीपासून दूरच्या बाजूला नेणे, पेट्रोलचा साठा कमी ठेवणे, रस्त्याऐवजी रेल्वेने पाठवणे, हेही पर्यायच आहेत आणि तुमच्यासाठी तेच अधिक उपयोगाचे आहेत. प्रकल्प झालाच नाही तर काय होईल, याचाही प्रामाणिक विचार तिथे हवा. पाइपलाइनचे टर्मिनल झाल्यामुळे दूरवरून येणारे टँकर कमी होत असतील, तर तो खरा लाभ आहे आणि तुम्ही हरकतीत तो मान्य करावा. मात्र तो लाभ संपूर्ण प्रदेशाला आणि धोका एका वस्तीला, अशी वाटणी होत असेल तर तेही लिहावे.

साठवलेले इंधन पुढे जाळले जाणार, त्या उत्सर्जनाचे काय, असा प्रश्न अनेकजण विचारतात. एक लिटर डिझेल जळल्यावर सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्यामुळे आकडा मोठा येतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २० जून २०२४ रोजी एका तेलविहिरीच्या प्रकरणात असे पुढचे उत्सर्जन मूल्यांकनात धरलेच पाहिजे, असा निर्णय दिला. पण तो उत्खननाबाबत होता. साठवणुकीच्या प्रकल्पात तेच इंधन दुसऱ्या मार्गानेही जळले असते, असा युक्तिवाद होतो आणि तो अगदीच निराधार नाही. तुमच्या हरकतीची ताकद विहिरी आणि ओढा यांत आहे. ती इकडे खर्च करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटचा मुद्दा उपाययोजनांच्या भाषेचा. ‘प्रयत्न केला जाईल’, ‘शक्य तेथे’, ‘योग्य ती दक्षता’ अशी वाक्ये अटींमध्ये रूपांतरित होत नाहीत. प्रत्येक उपायापुढे तो कोण करणार, केव्हापर्यंत, किती खर्चाची तरतूद आहे, यश कोणत्या मापाने ठरणार आणि ते माप ओलांडले गेल्यास कोणते काम थांबणार, हे असावे. टर्मिनल बंद झाल्यावर माती आणि भूजल शुद्ध करण्याची आर्थिक हमीही मंजुरीपूर्वीच मागा, कारण नंतर ती देणारा कुणी सापडत नाही.


ओढाकाठ

आपणा तिघांचे मनापासून आभार. पुन्हा अहवाल उघडून पाहिला. भूजलाच्या तक्त्यात बेंझिनचा उल्लेख नाही आणि आगीच्या पाण्यासाठी कुंड दाखवलेले नाही. उलाढालीचा आकडा हवेच्या आणि वाहतुकीच्या प्रकरणांत वेगवेगळा आहे.

अहवाल तयार करणाऱ्या सल्लागारांच्या प्रतिनिधींशी बोलणे झाले. त्यांचे म्हणणे असे की, डाइक ११० टक्के क्षमतेचा असल्यामुळे टाकी फुटली तरी इंधन बाहेर पडूच शकत नाही. येथील वाऱ्याचा सरासरी वेग चांगला असल्यामुळे वाफ साचणार नाही. आणि शिवाय सीमेवर दाट झाडांचा हरित पट्टा लावणार असल्यामुळे वस्तीला संरक्षण मिळेल. ही तीन विधाने कितपत ग्राह्य धरावीत?


तरंगते छत

तिन्ही विधाने अपुरी आहेत, आणि तिसरे तर काळजीपूर्वक तपासावे लागेल.

डाइकची ११० टक्के क्षमता हळूहळू साचणाऱ्या इंधनासाठी पुरेशी असते. टाकी अचानक फाटली तर इंधन लाटेसारखे येते आणि भिंतीवरून उडी घेते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये २ जानेवारी १९८८ रोजी डिझेलची एक टाकी भरताना उभी चिरली गेली. सुमारे दहा लाख गॅलन डिझेल डाइकपलीकडे गेले, शेजारच्या मालमत्तेच्या वाहनतळावरून वाहत झाकण नसलेल्या पावसाळी नाल्यात शिरले आणि थेट मोनोंगाहेला नदीत उतरले. खालच्या बाजूच्या सुमारे दहा लाख लोकांच्या पाणीपुरवठ्यावर त्याचा परिणाम झाला. ती टाकी दुसरीकडून आणलेल्या, चाळीस वर्षे जुन्या पोलादाची होती आणि पाण्याने पूर्ण भरून तिची चाचणी घेतलेली नव्हती. यावरून तुमच्यासाठी दोन प्रश्न निघतात: टाक्या नव्या पोलादाच्या आहेत का, आणि सीमेबाहेरच्या नाल्यांचे, गटारांचे आणि मोऱ्यांचे नकाशे अहवालात आहेत का?

वाऱ्याच्या बाबतीत सरासरी वेग हा चुकीचा आकडा आहे. बन्सफील्ड, पोर्टो रिकोमधील बायामोन येथील २३ ऑक्टोबर २००९ चा स्फोट आणि त्यानंतर सहाच दिवसांनी, २९ ऑक्टोबरला, जयपूर येथे झालेला स्फोट, ज्यात ११ जणांचा मृत्यू झाला, या तिन्ही ठिकाणी वारा जवळजवळ पडलेला होता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. वारा नसताना ती विरळ न होता जमिनीच्या उतारावरून पाण्यासारखी पसरत जाते. नेहमीची वायुप्रसार प्रारूपे सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी वेगात भरवशाची राहत नाहीत, त्यामुळे हीच परिस्थिती त्यांतून वगळली जाते. वर्षातील किती तास, विशेषतः रात्री आणि पहाटे, वेग एक मीटरखाली असतो, हे जागेवरच्या मोजणीतून मागा. आणि अशा वेळी टाकी तासभर ओसंडून वाहिली तर वाफेचा थर कुठवर जाईल, हे उताराच्या नकाशावर काढून दाखवण्याची मागणी करा.

हरित पट्ट्याविषयी. बन्सफील्डच्या तपासात असे आढळले की रस्त्याकडेची झाडे आणि दाट झुडपे यांमधून जाताना ज्वालेचा वेग प्रचंड वाढला, आणि मोकळ्या जागेत अपेक्षित नसलेला स्फोटाचा दाब त्यामुळे निर्माण झाला. धूळ आणि आवाज रोखण्यासाठी झाडे चांगलीच आहेत, पण पेट्रोलच्या टाक्यांच्या उताराकडील बाजूला दाट, खालपासून फांद्या असलेली रांग लावणे धोकादायक ठरू शकते. पट्टा कुठे, किती अंतरावर आणि कोणत्या प्रकारच्या झाडांचा असेल, हे अपघाताच्या प्रकरणाशी ताडून ठरवले आहे का, असा प्रश्न लिहा. वस्तीचे खरे संरक्षण पातळीच्या गेजपासून पूर्णपणे स्वतंत्र असलेल्या आणि माणसाची वाट न पाहता पाइपलाइनचा भरणा बंद करणाऱ्या यंत्रणेत आहे. तिची चाचणी किती महिन्यांनी होणार आणि तिच्या नोंदी तुम्हाला पाहायला मिळणार का, ही अट मंजुरीत घालून घ्या.


भूजलरेषा

एक व्यावहारिक सूचना. हरकतीचे उत्तर काहीही येवो, बांधकाम सुरू होण्यापूर्वी तुमच्या विहिरींचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासून घ्या, आणि शक्य असेल तर प्रकल्पाच्या प्रतिनिधीलाही त्या वेळी हजर राहण्यास लेखी कळवा. बेंझिन उडून जाते, त्यामुळे बाटली साधी प्लास्टिकची नको; प्रयोगशाळेने दिलेल्या ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत, आत हवेचा एकही बुडबुडा न ठेवता नमुना भरावा, तो थंड ठेवावा आणि परिरक्षक घातलेले असल्यास चौदा दिवसांच्या आत तपासला जाईल, हे पाहावे. प्रत्येक विहिरीची खोली, त्या दिवशीची पाणीपातळी आणि काठाची उंची यांची नोंद त्याच कागदावर करा, आणि हीच मोजणी पावसाळ्यानंतर पुन्हा करून दोन्ही अहवालांच्या प्रती हरकतीसोबत जोडा.